उजेडाचं टेबल

बत्तीस वर्षं मी या काचेपाशी उभी आहे.
खालून पांढरा दिवा, वर कॉडचा सोललेला तुकडा.
उजेड मांसातून आरपार येतो
आणि आत वेटोळं घालून निजलेली अळी दिसते.
सुरीच्या टोकानं तेवढीच काढायची,
बाकीचा तुकडा पुढे.
एका तुकड्याला चार सेकंद.

म्हणून पत्र वाचून हसू आलं:
गुनवोर हाउगेन, वय सत्तावन्न,
मंगळवारी अकरा वीसला, धक्क्यावरच्या बसमध्ये.
काखेत काही फासून येऊ नका.
आधीची दोन पत्रं फ्रिजवर चुंबकाखाली राहिली.
हंगाम होता, विसरले,
असं मी सगळ्यांना सांगते.

आई विसरली नव्हती.
तिनं अख्खा हिवाळा गाठ लपवली
स्वतः विणलेल्या स्वेटरखाली.
वसंतात बोटीनं डॉक्टर आले
तेव्हा स्वेटर उसवल्यासारखी झाली होती ती.

बसमध्ये इंगर-मारेत,
रेनडिअर पाळणाऱ्यांची लेक.
आधी हातावर हात चोळून ऊब आणली, मग मला हात लावला.
खांदा सोड, म्हणाली. हनुवटी वर. श्वास धर.
खालची थाळी बर्फ. वरची हळूहळू उतरली
आणि माझा चपटा तुकडा झाला.
दुखलं. खोटं कशाला बोलू.
मी मोजलं: दहा सेकंद, म्हणजे अडीच तुकडे.
अशा चार वेळा.

काही दिसलं का?
बघणारे दुसरेच, ती म्हणाली,
दोघं बघतात, एकमेकांना न विचारता.
आमच्याकडे एकटी मीच बघते.
आणि दोघांच्याही नजरेतून सुटलं तर?
सुटतं कधीकधी, ती म्हणाली,
माझ्या नजरेतून नजर न काढता.
म्हणून दोन वर्षांनी पुन्हा यायचं,
आणि मधेच हाताला काही लागलं
तर बसची वाट बघायची नाही.

बत्तीस वर्षांत माझ्या नजरेतून
किती सुटल्या असतील?
कुणाच्या ताटात?

दुसरं पत्र आलं. ट्रॉम्सोला या.
परत बोलावलेल्या बहुतेक बायकांना काही निघत नाही,
असं ठळक अक्षरांत होतं.
ठळक अक्षरांवर माझा कधी विश्वास नव्हता.
छोट्या विमानात शेजारचा माणूस हवेबद्दल बोलत राहिला.
तिथे गार जेली, अंधारी खोली,
सुई सुटताना स्टेपलरसारखा खट् आवाज,
आणि मग आठ दिवस काहीच नाही.

सूर्य नोव्हेंबरातच गेलेला.
त्या आठ दिवसांत
माझ्या टेबलावर तुकडे साचू लागले.
साधा रक्ताचा डागसुद्धा
मी उलटून, पालटून, पुन्हा उलटून बघत होते.
रोआर ओरडला नाही. त्याला कुणीतरी सांगितलं असणार.
एवढ्याशा गावात डागसुद्धा एकट्याचा राहत नाही.

नऊ मिलिमीटर.
हेरिंगच्या डोळ्याएवढं, मी म्हणाले.
डॉक्टरांनी कागदावर गोल काढला,
त्याभोवती थोडा मोठा गोल:
एवढं काढू, मग काही आठवडे किरणं.
लवकर सापडलंय.
बाकीचा तुकडा पुढे, मी म्हणाले.
त्यांना कळलं नाही. मीही समजावलं नाही.
बाहेर येऊन जिन्यात बसले
आणि आईसाठी रडले. स्वतःसाठी नंतर, घरी.

सोमवारी कामावर.
शेजारच्या टेबलावरच्या दाल्यानं
लिथुआनियन हेल काढून विचारलं,
फार दुखतं का गं?
अडीच तुकडे, मी सांगितलं.
ती थांबली. हातमोजा काढला.
एप्रनच्या खिशातून घडी पडलेला लिफाफा निघाला,
बंदच, ऑगस्टपासूनचा.
भाषा नीट येत नाही, म्हणाली.
भाषेचा प्रश्न नव्हता, हे दोघींनाही ठाऊक.

मी काच पुसली.
लिफाफा दिव्यावर ठेवला.
न फोडताच
आतली तारीख दिसू लागली.